अंदाजांना मार्क देणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई आजचा पेपर उद्या वाचायच्या.

सकाळी पेपर घरी आला की घडी न मोडता तो फ्रीजवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून ऑफिसला आणायचा. दुपारी डबा खाऊन झाला की तो शिळा पेपर उघडून त्या आरामात वाचत बसत. काल कोणी काय होणार म्हणून सांगितलं होतं आणि खरोखर काय झालं, हे बघण्यात त्यांना भारी मजा वाटायची. बदलापूरला जादा पाणी येणार, कल्याणचा पूल सुरू होणार, अमका संघ हमखास जिंकणार.

"पाटील, ताज्या पेपरात नुसत्या बाता असतात," मला म्हणायच्या. "शिळ्या पेपरात निकाल लागलेला असतो."

निर्मला साळवे. अंबरनाथच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या, आणि मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा म्हाताऱ्या आईबरोबर बदलापूर पूर्वेला शिरगावात राहणाऱ्या. मी पश्चिमेचा, हेंद्रेपाड्याचा. आम्ही दोघं मुंबईतल्या एका सरकारी हवामान विभागात होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. संगणक तेव्हा एका थंडगार खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लागायच्या. समुद्रावरच्या वाऱ्याचे, दाबाचे आकडे त्याला द्यायचे आणि चक्रीवादळ उद्या कुठे असेल, परवा कुठे असेल, हे गणित करून त्याच्याकडून काढून घ्यायचं. त्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणायचो. मॉडेल चालवणाऱ्या तिघाचौघांत मी एक होतो.

साळवेबाई मॉडेल चालवत नसत. त्या मॉडेलला मार्क देत.

वादळ येऊन गेलं, विरलं, लोक विसरले, की त्यांचं काम सुरू व्हायचं. जहाजांनी कळवलेली निरीक्षणं, उपग्रहाची चित्रं, किनाऱ्यावरच्या रडारची नोंद, हे सगळं पुन्हा नीट बघून वादळ खरं कुठून कुठे गेलं ते त्या नकाशावर आखायच्या. मग शेजारी आमच्या मॉडेलने सांगितलेली वाट. मग कर्कटक घेऊन दोन्हींमधलं अंतर. तेवढी चूक. हे काम त्या आम्हाला जवळपाससुद्धा फिरकू न देता करायच्या. मी एकदा सहज डोकावलो तर नकाशावर हात आडवा ठेवला.

"माझे वडील फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते," त्या म्हणाल्या. "ज्याने लेथवर पार्ट काढला त्याला ते टेबलाजवळ उभं राहू द्यायचे नाहीत. त्याचा चेहरा बघितला की माप घ्यायचं गेज सैल लागतं म्हणायचे. जा तुम्ही, चहा घेऊन या."

पण त्यांच्या मार्क देण्यात कडवटपणा नव्हता. मॉडेलबद्दल त्या शेजारच्या घरातल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "याला सरळ जाणारी वादळं जमतात हो. वळणारी आली की हा गांगरतो. वादळ उत्तरेला वळतं आणि हा आपला नाकासमोर चालत राहतो. याला वळायला शिकवा." नापास करणं हा त्यांचा हेतू कधीच नव्हता. मुलाला काय येत नाही ते त्याच्या मास्तरांना कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणजे आम्ही.

हा तपासायचा स्वभाव ऑफिसपुरता नव्हता. एकदा त्यांनी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मोठं टेबल करायला दिलं, नकाशे पसरता यावेत म्हणून. दुकानदार लछूसेठ, गोल चेहऱ्याचा हसरा सिंधी माणूस. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो.

"मॅडम, बुधवारी पक्का. एकदम टॉप माल."

"सेठ, मागे कपाट शनिवारी देतो म्हणालात, सोमवारी दिलंत. आईची खुर्ची गुरुवारी म्हणालात, शनिवारी दिलीत. म्हणजे टेबल शुक्रवारी मिळेल ना?"

लछूसेठ जरा चपापले. "अरे, मॅडम, ऐसा क्या बोलती हो..."

"नाही, नाही, तक्रार नाही. तुम्ही चांगले आहात. दर वेळी तेवढंच चुकता. मी शुक्रवारीच हमाल बोलावते."

टेबल शुक्रवारी मिळालं. परत येताना त्या मला रिक्षात म्हणाल्या, "नेमाने चुकणारा माणूस परवडतो पाटील, त्याची चूक वजा करता येते. तुमचं मॉडेल कधी इकडे चुकतं, कधी तिकडे. त्याचं काय करायचं?"

आणि मग गणपतमामा. हे प्रकरण आमच्या विभागात बरीच वर्षं गाजलं. आमच्या मॉडेलचे निकाल जरा बरे यायला लागले होते आणि साहेबांनी मीटिंग बोलावली. साहेब भला माणूस, पण वर दिल्लीला काहीतरी चांगलं कळवायची घाई झालेला. सरासरी चूक कमी झाली आहे, हे फळ्यावर लिहून झालं. साळवेबाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, पण ते गणपतमामाला हरवतं का?"

"कोण गणपतमामा?"

"आमच्या क्वार्टर्समध्ये होते, दिवसभर बाकावर विड्या ओढत बसायचे. त्यांना काहीही विचारा, उद्या काय होईल? ते सांगायचे, आज झालं तेच. मी या सगळ्या वादळांसाठी त्यांच्या पद्धतीने अंदाज काढून बघितलाय. आज वादळ ज्या दिशेला, ज्या वेगाने चाललंय, तसंच उद्या चालेल. संगणक नको, काही नको. फूटपट्टी पुरते." त्यांनी फळ्यावर आमच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहिला. गणपतमामांची चूक आमच्यापेक्षा कमी होती.

मला त्या क्षणी बाईंचा मनापासून राग आला होता. दोन वर्षं खपून केलेलं काम, आणि एका बाकावर बसून विड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्याने आम्हाला पाडलं होतं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी टेबलावर चहा आणून ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"दोन दिवसांपुढच्या अंदाजात तुम्ही मामांच्या अगदी जवळ आहात," हळू आवाजात म्हणाल्या. "तिथे मामा थकतात. तिथे हाणा त्यांना."

पुढची काही वर्षं आमचं सगळं ध्येय गणपतमामांना हरवणं हे होतं. नवा कोणी ऑफिसात लागला की त्याला आधी हे नाव सांगायचं. शेवटी एका मोसमात आम्ही त्यांना सगळीकडे मागे टाकलं. तो निकाल बाईंनीच वाचून दाखवला आणि उल्हासनगरहून मिठाईचा पुडा आणला. म्हणाल्या, मामा असते तर त्यांनीही खाल्ली असती.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचीही एक गोष्ट आहे. मे महिन्याचे शेवटचे दिवस. आमच्या शेतात मांडव घालायचं ठरलेलं. आमच्यात हळदीला अख्खा गाव जमतो. आणि अरबी समुद्रात वादळ तयार झालं. ते उत्तरेला सरकत होतं आणि मॉडेल म्हणत होतं की किनाऱ्याला लागूनच जाईल. माझ्या बाबांचा माझ्यावर फारसा विश्वास नव्हता. त्यांनी साळवेबाईंना घरी बोलावलं. त्या आल्या, ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"बाय, तू सांग," बाबा म्हणाले. "मांडव बांदू का नको?"

"काका, अशी दहा वादळं आली तर तीन इकडे येतील, सात दुसरीकडे जातील."

बाबा त्यांच्यासमोर ओट्यावर टेकले. "माजे पोरीचा लगीन एकदाच हाय. दहा वेला नाय."

बाई हसल्या आणि ओट्यावर पाय वर घेऊन नीट बसल्या. "बरोबर आहे काका. मग असं बघा. मांडव घातला आणि वादळ आलं तर काय होईल?"

"काय होईल? मांडव खांबासकट वाऱ्यावर उराल. मानसां जमलेली, पोरांटोरां..."

"आणि शाळेचा हॉल घेतला आणि वादळ नाही आलं तर?"

"लोकां हसतील. पाटलाच्या घरचा लगीन शालेत, बोलतील."

"या दोन्हींत तुम्हाला जास्त काय जड जाईल, ते तुम्हीच ठरवा. ते माझ्या कागदात नाही."

बाबांनी शाळेचा हॉल घेतला. वादळ पश्चिमेला वळून दूर समुद्रात निघून गेलं. हळदीच्या संध्याकाळी पानसुद्धा हलत नव्हतं. हॉलमध्ये उकाड्याने माणसं शिजली आणि जो तो बाबांना विचारत होता, काय पाटील, कुठे आहे तुमचं वादळ? साळवेबाई आईला घेऊन आल्या. बहिणीला साडी दिली आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही बरोबर केलंत."

"वादल तं नाय आला ना, बाय."

"नाही आलं. तरी तुम्ही बरोबरच केलंत."

बाबांनी हे फार दिवस मनात घोळवलं. पुढे ते गावात कोणालाही सल्ला देताना तेच म्हणायला लागले. निकाल बघू नको, तवा तुला काय दिसत होता ता बघ. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्यांना जे समजावू शकलो नव्हतो ते बाईंनी एका संध्याकाळी समजावलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते नव्वदच्या दशकातलं. बंगालच्या उपसागरातून एक मोठं वादळ पूर्व किनाऱ्यावर आलं. आमच्या मॉडेलने ते कुठे जमिनीवर येईल हे दोन दिवस आधी सांगितलं आणि अंदाज किंचितच चुकला. तोवरचा आमचा सगळ्यात चांगला निकाल. ऑफिसात सामोसे आले, दिल्लीहून साहेबांना फोन आला. साळवेबाईंनी नेहमीप्रमाणे सगळं आखलं, मोजलं आणि त्यांनीही मान्य केलं की एवढे मार्क त्यांनी आजवर कोणाला दिले नव्हते.

नंतर पाणी कुठे किती चढलं ते मोजायला त्यांना आणि मला तिकडे पाठवलं. किनाऱ्यावरची गावं. भिंतींवर चिखलाची रेघ असते, ती जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजायचं. मी टेपचं खालचं टोक धरायचो, बाई वरचं. काही घरांत त्यांचा हात पोचत नव्हता. नारळीच्या झाडांवर साड्या आणि जाळी अडकलेली होती, आणि वास होता, तो मी सांगत नाही.

एका घरात एक गृहस्थ ओल्या गाद्या बाहेर काढत होते. शाळामास्तर होते, मोडकं हिंदी बोलायचे. हे घर त्यांच्या बहिणीचं. त्यांचं स्वतःचं गाव बरंच दक्षिणेला. रेडिओवर सांगितलं होतं की वादळ त्यांच्या गावाजवळ येणार, म्हणून त्यांनी आपल्या आईला इथे, उत्तरेला, बहिणीकडे आणून पोचवलं होतं. आई इथेच पाण्यात गेली.

"मेरा घर बच गया," ते म्हणाले. "उधर पानी आया ही नहीं. समुंदर पीछे गया."

वादळ सांगितल्यापेक्षा थोडं उत्तरेला आलं होतं. तिथला वारा केंद्राच्या उत्तरेकडे समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी आत ढकलतो. दक्षिणेकडे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी मागे नेतो. त्यामुळे अंदाज तेवढाच चुकूनही दुसऱ्या बाजूला चुकला असता तर वादळ या घरापासून दूर दक्षिणेला आलं असतं आणि मास्तरांची आई वाचली असती. नकाशावर ही चूक माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती.

मास्तरांनी विचारलं, आपण काय काम करता? बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, अंदाज किती बरोबर आला ते मी तपासते, त्याला मार्क देते.

मास्तरांनी गादी खाली ठेवली. रागाने नाही, एका शिक्षकाने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "इसको कितना मार्क दिया, मॅडम?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "सबसे ज्यादा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली आणि पुन्हा गादी उचलली. थोड्या वेळाने बाईंनी टेप माझ्या हातात दिला आणि गादीचं दुसरं टोक धरलं. त्या दिवशी आम्ही पुढे काही मोजलं नाही. घर रिकामं करत राहिलो.

परत आल्यावर बाई नेहमीसारख्याच ऑफिसला यायच्या, डबा खायच्या, पण बोलणं कमी झालं. त्यांनी जुनी सगळी वादळं पुन्हा काढली. एवढी वर्षं त्या चूक किती ते मोजत होत्या, आता चूक कुठल्या बाजूला हेही लिहायला लागल्या. आणि वेळेची चूक वेगळी, वाटेची चूक वेगळी. मी एकदा म्हटलं, बाई, तुमचं मोजणं चुकीचं नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"चुकीला दिशा असते पाटील. मी ती पुसून टाकत होते. सरासरी सुंदर दिसायची."

मग त्यांनी जो आग्रह धरला त्यावरून विभागात चांगलीच जुंपली. वादळाची वाट नकाशावर एका रेघेने दाखवायची नाही, पट्टा दाखवायचा. आजवर मॉडेल दोन्ही बाजूंना जेवढं चुकत आलंय तेवढा रुंद. आणि पट्ट्यातल्या सगळ्या गावांना सारखंच सांगायचं.

साहेब वैतागले. "मॅडम, एवढा मोठा पट्टा दाखवला तर लोक म्हणतील, यांना काहीच कळत नाही."

"कळत नाहीच आहे सर. जेवढं कळत नाही तेवढाच पट्टा आहे."

"आणि निम्म्या गावांत काहीच झालं नाही तर? लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. पेपरवाले सोडतील आपल्याला?"

"नाही सोडणार," बाई म्हणाल्या. "पण मी त्या मास्तरांना जाऊन सांगू शकत नाही की रेघ छान बारीक होती."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, आधी आपल्यापुरता काढून बघू. आपल्यापुरता काढलेला तो पट्टा पुढच्या दोन मोसमांत हळूहळू बाहेर गेला. बुलेटिनमध्ये एका गावाऐवजी दोन गावांची नावं यायला लागली, या गावापासून त्या गावापर्यंत. मी मॉडेलवाला असूनही पट्ट्याच्या बाजूने बोललो. माझ्या गणिताची तीच खरी लायकी होती, आणि ती सांगण्यात मला आता कमीपणा वाटत नव्हता.

काही वर्षांनी तिकडे पुन्हा वादळ आलं. मास्तरांचं गाव त्या पट्ट्याच्या एका टोकाला होतं. पाहणीला गेलेला आमचा एक सहकारी त्यांना भेटून आला. त्यांनी सगळ्या गावाला उत्तरेला नाही, दक्षिणेलाही नाही, समुद्रापासून आत नेलं होतं. वादळ दुसऱ्या टोकाला गेलं. गावाला फक्त पाऊस लागला. मास्तरांनी निरोप दिला होता, तो सहकाऱ्याने तसाच सांगितला. "मॅडमना सांगा, वादळ आलं नाही. आम्ही सगळे गेलो होतो. आता एकदा वादळ नसताना या."

साळवेबाईंनी तो निरोप दोनदा सांगायला लावला. मग चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि उठून जिन्याकडे गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या.

बाईंची आई गेली, त्या निवृत्त झाल्या, शिरगावचं घर विकून नाशिकला भावाकडे राहायला गेल्या. तिथेच काही वर्षांनी छोट्याशा आजाराने वारल्या. मी गेलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. विहारात त्यांच्या फोटोपुढे भावाची नातवंडं चुळबुळ करत बसली होती. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, निवृत्तीनंतर त्या मास्तरांच्या गावाला निघाल्या तेव्हा.

लांबची गाडी कल्याणहून होती. मी पोचवायला गेलो होतो. बाबांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली होती. बाईंनी नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती, म्हणून एका पायावर जोर देऊन उभ्या होत्या. मी त्यांची पिशवी उचलली तर फारच हलकी लागली.

"एवढंच सामान? मोजायला बिजायला काही घेतलं नाहीत?"

"नाही हो. नुसतं बघून येते. इतकी वर्षं समुद्राच्या नकाशावर वाकून बसले, पण पाण्यात पाय घालून कधी उभी राहिले नाही. मुंबईत रोज येऊनसुद्धा."

गाडी आली. त्यांना खिडकी मिळाली होती. समोर एक तरुण बाई तान्हं मूल घेऊन बसली होती आणि मूल किंचाळत होतं. साळवेबाईंनी आत जाऊन बसल्या बसल्या त्या बाईशी काहीतरी बोलणं काढलं, बाबांच्या भाकऱ्यांची पुरचुंडी सोडली आणि एक तुकडा मोडून तिच्या हातात दिला. मग मूल मागून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. बाईंची माझ्याकडे पाठ होती. त्या मुलाच्या पाठीवर थोपटत होत्या, आणि ते मूल त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे टकमक बघत गेलं.